गटात शिकणारे शिक्षक

अध्यापनाचे प्रतिमान म्हणजे शिकवण्याची क्रमवार मांडलेली रीत. धड्याची सुरुवात कशाने करायची, मुलांनी आधी काय करून पाहायचे, शिक्षकाने केव्हा बोलायचे आणि केव्हा थांबायचे, मुलांना समजले हे कशावरून ओळखायचे, याचा आराखडा त्यात असतो. अमेरिकेतील ब्रूस जॉइस आणि मार्शा वेल यांनी १९७२ मध्ये अशा अनेक प्रतिमानांचा परिचय करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे ते देशोदेशींच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयांत वापरले जाऊ लागले. महाराष्ट्रात बी.एड. केलेल्या शिक्षकांनीही संकल्पना प्राप्ती प्रतिमान, अग्रत संघटक प्रतिमान ही नावे अभ्यासलेली असतात आणि सराव पाठांत एखादे प्रतिमान वापरलेलेही असते. वर्ग हाती आला की मात्र बरेच जण आपल्या लहानपणी आपल्याला जसे शिकवले गेले तसेच शिकवू लागतात.

हा अनुभव जगभरचा आहे. जॉइस यांनीच पुढे बेव्हर्ली शॉवर्स यांच्यासोबत १९८० च्या दशकात त्याचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की, व्याख्यानाने पद्धतीची माहिती होते, प्रात्यक्षिकाने ती डोळ्यांना दिसते आणि सरावाने ती जमू लागते; पण रोजच्या वर्गात ती टिकायची असेल तर सहकारी शिक्षकांची सोबत लागते. सोबत म्हणजे एकमेकांचे पाठ पाहणे, एकत्र नियोजन करणे आणि अडले तिथे पुन्हा बसून विचार करणे. शिक्षकांच्या गटकार्याला महत्त्व आहे ते यासाठी.

महाराष्ट्रातील सरकारी प्राथमिक शाळांना ही सोबत मिळण्याची जागा कागदावर पूर्वीपासून आहे. जवळपासच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने काम करावे, ही शाळासमूहाची कल्पना १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने मांडली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यात केंद्रशाळांची रचना आकाराला आली. साधारण दहा शाळांचे एक केंद्र आणि त्यावर एक केंद्रप्रमुख. केंद्रातले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र बसू लागले. या बैठकीला आधी गटसंमेलन म्हणत, आता शिक्षण परिषद म्हणतात. परिषद चांगली झाली की शिक्षक काहीतरी घेऊन वर्गात परततो. ती सूचना आणि माहिती-तक्ते यांतच संपली, तर दिवस गेला एवढेच हाती राहते.

वसई-विरारमध्ये या रचनेला वेगळेच रूप आले आहे. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. शहर एवढे वाढले, तरी इथल्या सरकारी प्राथमिक शाळा त्यानंतरही बरीच वर्षे जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. आधी ठाण्याच्या आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर पालघरच्या. त्यामुळे एकाच वसई तालुक्यात नालासोपाऱ्यासारख्या दाट वस्तीतल्या गर्दीच्या शाळा आणि पूर्वेला पारोळ, भाताणे, शिरवलीकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या छोट्या शाळा अशा दोन टोकांचे शिक्षक काम करतात. एकीकडे भरलेली तुकडी सांभाळायची असते, दुसरीकडे दोन शिक्षकांना चार-पाच इयत्ता एकत्र घेऊन बहुवर्ग अध्यापन करावे लागते. अशा तालुक्यात कोणतेही प्रतिमान आयते घेऊन चालत नाही. ते आपल्या वर्गापुरते बेतून घ्यावे लागते आणि ते काम एकट्याने होण्यासारखे नाही.

पालघर जिल्ह्याला या कामाची मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केले होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. या कामाचा आधार असलेली मॉन्टेसोरींची बालशिक्षण पद्धत युरोपातून आलेली, तिची साधने महागडी. ताराबाई आणि अनुताईंनी पद्धतीमागचा विचार घेतला आणि साधने मात्र शिंपले, बिया, पाने, काड्या अशी भोवतालातून उचलली. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर वापरला जातो, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. परक्या मुलखातले प्रतिमान तपासून, करून पाहून, बदलून आपलेसे कसे करायचे, याचा याहून चांगला नमुना महाराष्ट्रात शोधूनही सापडणे कठीण. आज याच जिल्ह्यात वाडा तालुक्यातील सोनाळे येथून नीलेश निमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची क्वेस्ट ही संस्था शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांबरोबर काम करते आहे.

राज्य पातळीवर २०१५ हे वर्ष लक्षात राहण्यासारखे आहे. त्या वर्षी २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि ज्ञानरचनावाद हा शब्द शाळाशाळांत पोचला. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची रचना करते, असे हा विचार सांगतो. त्याआधीच सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी या विचारावर वर्ग उभे केले होते. ते पाहायला राज्यभरातून शिक्षकांचे गट साताऱ्याला गेले. पाहून आलेल्यांनी आपापल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या, साहित्य तयार केले, मुलांना गोलात बसवले. बाह्यरूप झपाट्याने पसरले. त्यामागचा विचार पसरायला जास्त वेळ लागतो. कारण वर्ग पाहून आल्यावर शिक्षकांनी एकत्र बसून ‘तिथे हे असे का केले होते’ याचा शोध घेणे गरजेचे असते, आणि त्यासाठी वेळ क्वचितच राखला जातो.

ज्ञानरचनावादावर आधारलेल्या प्रतिमानांत ‘पाच ई’ हे प्रतिमान सर्वाधिक परिचित आहे. १९६० च्या दशकात रॉबर्ट कार्पलस यांनी विज्ञान शिकवण्यासाठी अध्ययनचक्राची कल्पना मांडली होती. तिच्या आधाराने अमेरिकेतील बीएससीएस या संस्थेत रॉजर बायबी आणि सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास, इंग्रजीत ‘ई’ अक्षराने सुरू होणाऱ्या नावांचे, हे पाच टप्पे तयार केले. आधी मुलांचे कुतूहल जागे करायचे, मग त्यांना शोध घेऊ द्यायचा, त्यानंतर स्पष्टीकरण, पुढे विस्तार म्हणजे शिकलेल्याचा नव्या ठिकाणी वापर आणि शेवटी मूल्यमापन. सगळे मर्म क्रमात आहे. शिक्षकाचे स्पष्टीकरण तिसऱ्या जागी येते. शिक्षकांना हा क्रम ऐकून लगेच पटतो आणि वर्गात पाळताना सर्वांत जड जातो, कारण धडा उघडला की समजावून सांगायला लागायचे, ही सवय वर्षानुवर्षांची असते.

म्हणून शिक्षकांच्या गटाने हे प्रतिमान आधी विद्यार्थी होऊन अनुभवावे. वसईच्या शिक्षकांसाठी बाष्पीभवन हा विषय घेता येईल. सुलभकाने, म्हणजे सत्र चालवणाऱ्याने, टेबलावर तीन वस्तू ठेवाव्यात: नायगावच्या बाजूच्या मिठागरातले खडेमीठ, अर्नाळ्याचा सुका बोंबील आणि वसईची प्रसिद्ध सुकेळी, म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली राजेळी केळी. प्रश्न एकच: या तिन्हींतले पाणी गेले कुठे आणि कसे? उत्तर सांगायचे नाही. चार-पाच जणांच्या गटाने आपापला अंदाज कागदावर लिहायचा. पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही, असा समज मुलांमध्ये सर्रास आढळतो. मोठ्यांच्या बोलण्यातही तो डोकावतो. तो इथे कागदावर उतरला तर चांगलेच.

मग शोधाचा टप्पा. साहित्य साधे: पाट्या, ड्रॉपर, सारख्या मापाचे कापडाचे तुकडे, पुठ्ठ्याचे पंखे. एका पाटीवर दहा थेंब एकत्र ठेवायचे, दुसरीवर तेवढेच थेंब बोटाने पसरायचे. एक ओले फडके घडी करून, दुसरे उलगडून टांगायचे. एक खिडकीत, एक कोपऱ्यात. एका गटाने वारा घालायचा, दुसऱ्याने नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे गटाला प्रयोग करता करता सुचायला हवे. सुलभकाने ते आधी सांगितले तर टप्प्यातला जीव जातो. अर्ध्या तासात पाट्यांवरचा फरक दिसू लागतो. पावसाळ्यात हा प्रयोग केला तर फडकी वाळता वाळत नाहीत आणि हवेतल्या आर्द्रतेचा प्रश्न आपोआप पुढे येतो. अशा वेळी प्रयोग फसला असे मानू नये, नवा प्रश्न मिळाला असे समजावे.

यानंतर प्रत्येक गटाने आपले स्पष्टीकरण स्वतःच्या शब्दांत मांडायचे. पृष्ठभाग, ऊन, वारा, आर्द्रता हे घटक एव्हाना चर्चेत आलेले असतात. सुलभक त्यांना शास्त्रीय संज्ञा देतो आणि कोणत्याही तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावरून रेणू निसटत असतात, हे समजावतो. आता हे स्पष्टीकरण ऐकायला मन तयार असते. विस्ताराच्या टप्प्यात मिठागराचे वाफे उथळ आणि पसरट का करतात, बोंबील एकावर एक न रचता दोऱ्यांवर सुटे सुटे का टांगतात, माठातले पाणी गार का होते आणि पावसाळ्यात ते तितके गार का होत नाही, असे प्रश्न घ्यावेत. मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नये. ऊन आहे पण वारा पडलेला, असा एक दिवस आणि ढगाळ पण वाऱ्याचा दुसरा. कपडे कोणत्या दिवशी लवकर वाळतील आणि नक्की सांगण्यासाठी आणखी काय माहीत असायला हवे, असा प्रश्न विचारला की समज किती खोल आहे ते कळते.

इथवर दीड तास जातो. काही कार्यशाळा इथेच थांबतात आणि सगळी मेहनत वाया जाते. खरे काम यापुढे आहे. शिक्षकांनी आता विद्यार्थ्याची भूमिका सोडून केलेल्या कामाकडे शिक्षक म्हणून पाहायचे: कोणता टप्पा कुठे सुरू झाला, सुलभकाने कोणत्या क्षणी उत्तर देण्याचे टाळले, आपण कुठे कंटाळलो, कुठे भांडलो. यासाठी एक कृती फार उपयोगी पडते. प्रत्येक गटाने आपल्यापैकी एकाचे जुने टाचण घ्यावे, त्यातली प्रत्येक पायरी कागदाच्या वेगळ्या पट्टीवर लिहावी आणि पट्ट्या पाच टप्प्यांत मांडून पाहाव्यात. बहुतेक पट्ट्या स्पष्टीकरणाखाली गोळा होतात आणि शोधाची जागा रिकामी राहते. हे कुणी वरून दाखवून दिलेले नसते, आपल्याच टाचणातून दिसते, म्हणून ते मनाला लागत नाही. रिकाम्या जागेत काय घालायचे यावर मग गटात खरी चर्चा होते. एखादी पट्टी शोधात बसते की विस्तारात, यावर मतभेद झाले तर ते मिटवण्याची घाई करू नये.

प्रतिमानांची तुलना करायची असेल तर जिगसॉ ही रीत चांगली. एलियट अॅरनसन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन शहरात ती तयार केली. तिथल्या शाळांत गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतेच एकत्र आणले होते आणि वर्गात तणाव होता. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच भाग द्यायचा, म्हणजे पूर्ण धडा समजण्यासाठी सगळ्यांना एकमेकांची गरज पडते. शिक्षकांच्या परिषदेत चार प्रतिमाने चौघांत वाटावीत. एकच प्रतिमान मिळालेले सगळे जण तज्ज्ञ गटात बसून त्याचा अभ्यास करतील आणि मग मूळ गटात परत येऊन ते इतरांना शिकवतील. ऐकून गप्प बसण्याची सोय यात कुणालाच नसते. मागच्या रांगेत बसणारे ज्येष्ठ शिक्षकही बोलते होतात आणि त्यांच्या अनुभवाची भर पडते.

नियोजनानंतर प्रत्यक्ष वर्ग येतो. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजलेली आहे. जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ मधील पुस्तकामुळे बाहेरच्या जगाचे तिकडे लक्ष गेले. काही शिक्षक मिळून एका पाठाचे बारकाईने नियोजन करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात. नंतर चर्चा होते, पाठात बदल होतात आणि दुसरा शिक्षक सुधारलेला पाठ दुसऱ्या वर्गावर घेतो.

आपल्याकडच्या पाठनिरीक्षणाशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे निरीक्षक शिक्षकाकडे पाहतो: फलकलेखन, आवाज, साहित्याचा वापर. पाठ-अभ्यासात नजर मुलांवर असते. प्रत्येक निरीक्षकाने दोन-तीन मुलांजवळ बसावे, ती काय बोलतात, कुठे अडतात, वहीत काय खोडतात, हे जसेच्या तसे टिपावे. पाठ संपल्यावर आधी तो घेणाऱ्या शिक्षकाने बोलावे. बाकीच्यांनी ‘तुम्ही हे चुकवलेत’ असे म्हणू नये, ‘या मुलीने ओले फडके हाताला लावून हे विचारले’ असे सांगावे. पाठ सगळ्यांनी मिळून तयार केलेला असल्याने त्याचे यश-अपयशही सगळ्यांचे असते. हा एक नियम पाळला तर दुसऱ्यांसमोर पाठ घेण्याचा धाक बराच कमी होतो. शहरातल्या मोठ्या शाळेत एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या असतील, तर सुधारलेला पाठ त्याच दिवशी दुसऱ्या तुकडीवर घेता येतो. पूर्वेकडच्या छोट्या शाळांना त्यासाठी पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेत जमावे लागेल.

शिक्षकांनी असे मिळून शिकणे भारतातही घडलेले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा उपक्रम सुरू केला. १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. मुलांनी करायचे प्रयोग शिक्षक प्रशिक्षणात आधी स्वतः करत आणि वर्षभर मासिक बैठकांतून अडचणी मांडत. २००२ मध्ये सरकारने हा उपक्रम बंद केला, तरी तीस वर्षे सरकारी शाळांच्या साध्या शिक्षकांनी तो चालवून दाखवला होता. आपल्या शिक्षकांकडून असे होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी ही तीस वर्षे लक्षात घ्यावीत.

वसई-विरारमधल्या गटांना भाषेचा विचार वेगळा करावा लागेल. किनारपट्टीच्या गावांत कादोडी म्हणजे सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली आहेत, पूर्वेला वारली आणि मल्हार कोळी समाजाच्या बोली, तर शहरात हिंदी, भोजपुरी, गुजराती बोलणारी मुले मोठ्या संख्येने आहेत. शोधाच्या टप्प्यात मुलांनी आपसात बोलायचे असते आणि ती घरच्या भाषेतच मोकळी होतात. प्रमाण मराठीचा आग्रह पहिल्या मिनिटापासून धरला तर तो टप्पा तिथेच संपतो. केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून एका पाठापुरते घरच्या भाषांतले शब्द गोळा केले, तरी वर्गात मोठा फरक पडेल. ज्या शिक्षकाला स्थानिक बोली येते, तो त्या दिवशी गटाचा खरा तज्ज्ञ असतो.

प्रतिमानाच्या मर्यादाही गटातच तपासल्या पाहिजेत. २००६ मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी एका गाजलेल्या लेखात सांगितले की, विषय नवा असलेल्या मुलाला कमी मार्गदर्शनावर सोडून दिले तर त्याचे शिकणे घटते. या इशाऱ्यात तथ्य आहे. अक्षरओळख, पाढे, भागाकाराची रीत अशा गोष्टींत शिक्षकाने आधी स्वच्छ करून दाखवणे आणि मग भरपूर सराव देणे जास्त उपयोगी पडते. ‘पाच ई’मध्येही शोधाचा टप्पा म्हणजे मोकाट सोडणे नव्हे, साहित्य आणि प्रश्न शिक्षकानेच विचारपूर्वक निवडलेले असतात. कोणत्या घटकाला कोणते प्रतिमान शोभते, याची यादी प्रत्येक केंद्राने स्वतःच्या अनुभवावरून करावी. वरून आलेल्या यादीपेक्षा तिच्यावर शिक्षकांचा विश्वास बसेल.

सगळ्यांत मोठी अडचण वेळेची आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच कामांसाठी शिक्षकांना शाळेबाहेर घेता येते. पण तेवढ्यानेही वर्षातले बरेच दिवस जातात आणि त्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचा भार असतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. हे तास पडद्यावरच्या चित्रफिती बघून आणि प्रमाणपत्र उतरवून घेऊनही भरता येतात. तसे झाले तर धोरणातला आकडा पूर्ण होईल, वर्गात काही बदलणार नाही. त्यातले निम्मे तास जरी केंद्रातल्या गटाला मिळाले, तरी वर्षभरात दोन-तीन पाठ पूर्ण चक्रातून जातील: नियोजन, पाठ, निरीक्षण, सुधारणा, पुन्हा पाठ. दोन-तीन हा आकडा लहान वाटेल. पण तेवढ्या पाठांतून आलेली नजर शिक्षक उरलेल्या सगळ्या धड्यांकडे नेतो.

खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांना केंद्राची वाट पाहण्याची गरज नाही. एकाच विषयाचे दोन-तीन शिक्षक शाळेतच गट करू शकतात. मुख्याध्यापकांनी आठवड्यातली एक तासिका त्यांना एकत्र मोकळी द्यावी. सरकारी शाळांच्या बाबतीत किल्ली केंद्रप्रमुखांच्या हाती आहे. परिपत्रके आणि सूचना लेखी पाठवता येतात, माहिती-तक्ते फोनवरून मागवता येतात. शिक्षण परिषदेची विषयपत्रिका करताना पहिले दोन तास एका धड्यासाठी राखून ठेवावेत आणि ते कोणत्याही कारणाने कमी करू नयेत.